चुकलेली पेनी: नाण्यावर विश्वास ठेवायचा की कागदावर?

मागे एका भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो होतो की शनिवारी बँकेतून पेनीचे रोल आणून चाळत बसायची मला सवय आहे. तेवढ्या एका वाक्यावरून इतके फोटो येतील असं वाटलं नव्हतं. "दादा, ही डबल डाय आहे का बघ ना", "लाखाची आहे म्हणतात, खरं का?" वगैरे. बहुतेकांना मी उत्तर दिलं, नाही. पण नुसतं नाही म्हणून गप्प बसणं काही बरोबर नाही. का नाही, ते सांगायला हवं. आणि ते सांगायला बसलं की अमेरिकेच्या टांकसाळीचा एक मजेदार इतिहास बाहेर येतो. त्यात सरकारी कागद एक सांगतो आणि हातातलं नाणं दुसरंच. कधी कागद बरोबर निघतो, कधी नाणं. आजचा भाग त्यावर. नेहमीप्रमाणे, बोललेलं थोडं साफसूफ करून इथे लिहून देतोय.

आधी भारतातल्या श्रोत्यांसाठी थोडक्यात. पेनी म्हणजे एक सेंटचं नाणं, डॉलरचा शंभरावा भाग. बँकेत ती कागदाच्या गुंडाळीत मिळते, एका रोलमध्ये ५० नाणी. अख्खा खोका घेतला तर ५० रोल, म्हणजे अडीच हजार नाणी, किंमत २५ डॉलर. घरी आणायची, एकेक बघायची, काही मिळालं नाही तर पुन्हा बँकेत भरायची. पैसे जात नाहीत, वेळ जातो. नाण्यावर लिंकनचा चेहरा १९०९ पासून आहे. त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराकडून करून घेतला होता. काट्याच्या बाजूला १९५८ पर्यंत गव्हाच्या ओंब्या, १९५९ पासून २००८ पर्यंत लिंकन मेमोरियलची इमारत, २००९ साली चार वेगवेगळी चित्रं आणि २०१० पासून ढाल. सालाखाली बारीक 'डी' असेल तर नाणं डेन्व्हरचं, 'एस' असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं, आणि काहीच नसेल तर साधारणपणे फिलाडेल्फियाचं. आपल्याकडे नाही का, मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर सालाखाली छोटा हिरा असतो, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी असते. तसंच.

आता चूक म्हणजे काय? माझ्या मते एवढं एकच कळलं की अर्धं काम झालं: चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली?

मोदकाचा साचा डोळ्यासमोर आणा. पीठच कमी पडलं किंवा फाटलं तर मोदक बिघडतो. हा पहिला प्रकार. साच्याच्या आतल्या एका पाकळीलाच तडा गेलाय, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मोदकावर तोच तडा, त्याच जागी दिसणार. हा दुसरा. आणि साचा चांगला, पीठ चांगलं, पण दाबताना हात सरकला, तर तो एकच मोदक वाकडा. हा तिसरा. नाण्यांच्या दुनियेत हेच तीन कप्पे आहेत: कोरी चकती, डाय म्हणजे साचा, आणि ठोका. अमेरिकन अभ्यासक ॲलन हर्बर्ट यांनी सगळ्या चुका या तीन कप्प्यांत बसवल्या आणि आजही बहुतेक लोक त्याच पद्धतीने विचार करतात. माझ्यासारख्याला हे लगेच पटतं, कारण ऑफिसात आम्ही दिवसभर हेच करतो. बग कोडमध्ये आहे की एकदाच नेटवर्क अडखळलं? पुन्हा चालवून बघ, पुन्हा येतो का. डायमधली चूक पुन्हा पुन्हा येते. ठोक्याची चूक पुन्हा तशीच येत नाही.

आणि चौथा कप्पा, ज्यात तुमचे निम्म्याहून जास्त फोटो गेले: नाणं टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलं आणि नंतर त्याची वाट लागली. त्याकडे येतोच.

सगळ्यात गाजलेली चूक १९५५ ची. ती कळायला डाय कसा तयार व्हायचा ते बघावं लागेल. नाण्यावर चित्र उठावाचं असतं, म्हणून डायवर ते उलटं आणि खोलगट हवं. त्यासाठी आधी पोलादाचा एक हब करतात, त्यावर चित्र नाण्यासारखंच उठावाचं. हा हब डायच्या पोलादात प्रचंड दाबाने दाबायचा. पण त्या काळी एका दाबात चित्र पुरेसं खोल उमटत नसे, आणि दाबलं की पोलाद कडक होई. मग डाय भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा तोच हब, त्याच जागी दाबायचा. 'त्याच जागी' हे महत्त्वाचं. दुसऱ्या वेळी डाय केसभर जरी फिरलेला असला, तरी त्यावर दोन चित्रं बसतात, एकमेकांवर किंचित सरकलेली. आणि मग त्या डायखाली येणारं प्रत्येक नाणं दुहेरी.

१९५५ साली फिलाडेल्फियात असा एक डाय प्रेसवर चढला. साल, 'लिबर्टी' हा शब्द आणि वरची ओळ, सगळं इतकं स्पष्ट दुहेरी की भिंगाची गरजच नाही. प्रेस रात्रभर चालत होता. एका तपासनिसाच्या लक्षात आलं तोवर दुहेरी नाणी इतर प्रेसच्या चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती. चांगली नाणी होती सुमारे एक कोटी. आता काय करायचं? त्यातली काही हजार वेचून काढायची तर कुणाला किती दिवस बसवणार? सगळा ढीग वितळवायचा तर रात्रीचं काम फुकट. टांकसाळीने नाणी तशीच बाहेर जाऊ दिली. बाहेर पडलेल्या दुहेरी नाण्यांचा अंदाज २० ते २४ हजार असा सांगतात.

ती लोकांपर्यंत पोहोचली त्याची कथा मला फार आवडते. तेव्हा सिगारेटच्या मशीनमधलं पाकीट २३ सेंटला होतं. मशीनला पाव डॉलरचं नाणं लागे. उरलेले दोन सेंट परत द्यायची सोय मशीनमध्ये नव्हती, म्हणून कंपन्या पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनातच दोन पेनी घालून ठेवत. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात त्या वर्षी कित्येक लोकांच्या हातात ही नाणी सिगारेटबरोबर पडली. आज त्यातलं घासलेलं नाणंसुद्धा हजार डॉलरच्या पुढे जातं.

तर तुम्ही मला ज्याचे फोटो पाठवता त्यात आणि यात फरक काय?

बहुतेक फोटोंत जे दिसतं त्याला मशीन डबलिंग म्हणतात. डाय अगदी व्यवस्थित असतो. पण तो प्रेसमध्ये घट्ट बसलेला नसेल, तर ठोका दिल्यावर वर उचलला जाताना किंचित घसरतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड दाबत जातो. परिणाम काय, अक्षराच्या बाजूला एक सपाट, चकचकीत पायरी दिसते. इथे नीट लक्ष द्या. ती पायरी अक्षराच्याच धातूतून कापून निघालेली असते, म्हणजे मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये उलट असतं. तिथे दोन पूर्ण अक्षरं एकमेकांवर असल्यामुळे अक्षर जाड होतं, दोन्हींना गोलाई आणि उंची असते, आणि अक्षराच्या टोकांना, जिथे दोन प्रती वेगळ्या होतात, तिथे स्पष्ट खाच पडलेली दिसते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि फक्त टोकं बघा. खाच आहे की पायरी? इतकंच.

तिसरा एक भिडू आहे. डाय लाखो ठोके खाऊन झिजला की अक्षरांच्या कडा पसरतात, वितळत्या मेणासारख्या सुजतात. त्यातही सावलीसारखं दुहेरी काहीतरी दिसतं. १९५५ च्याच काही पेनींवर शेवटचा ५ असा दुहेरी दिसतो, आणि बाजारात त्याला 'गरिबाची डबल डाय' म्हणून खपवतात. गरिबाला असं काहीतरी विकायचं आणि वर नावही त्याचंच द्यायचं, हे मला तरी आवडत नाही. तो झिजलेला साचा आहे, बाकी काही नाही.

अजून एक कसोटी, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. हबवर लिंकन असतो, साल असतं, अक्षरं असतात, पण पेनीच्या बाबतीत १९८९ पर्यंत टांकसाळीची खूण हबवर नसायची. 'डी' किंवा 'एस' हे अक्षर डाय तयार झाल्यावर एक कामगार छोट्या पंचाने, हाताने, हातोडी मारून उमटवत असे. आता विचार करा. चूक जर हब दाबताना झाली असेल, तर साल दुहेरी, 'लिबर्टी' दुहेरी, पण 'एस' एकेरीच राहणार, कारण तो नंतर आला. आणि चूक जर ठोक्याच्या वेळी डाय घसरून झाली असेल, तर 'एस'सुद्धा बाकीच्यांबरोबर त्याच दिशेला घसरणार. म्हणजे जुन्या नाण्यावर साल आणि खूण दोन्ही सारखीच पसरलेली दिसली, तर भिंग खाली ठेवा आणि चहा करा. हे एक बारीक अक्षर टांकसाळीतल्या कामाचा क्रम सांगतं. लॉग फाइलमधला टाइमस्टॅम्पच म्हणा ना. (हाताने ठोकताना खूण स्वतःच दोनदा उमटली, असंही व्हायचं. त्याचा संग्रह करणारे वेगळे. १९९० पासून पेनीची खूण मूळ चित्रातच आली आणि तो प्रकार संपला.)

हे मी एवढं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे १९६९.

त्या सुमाराला मॉर्टन गुडमन आणि रॉय ग्रे या दोघांनी १९६९ सालाच्या दुहेरी पेनी स्वतः बनवल्या. १९५५ च्या नाण्याला आलेला भाव बघून कुणाला असं सुचावं यात नवल नाही. पण एक सेंटचं खोटं नाणं म्हणजे शेवटी खोटं नाणंच, आणि अमेरिकेत खोटी नाणी पकडायचं काम सीक्रेट सर्व्हिसचं. हो, राष्ट्राध्यक्षांच्या मागेपुढे काळा चष्मा लावून पळणारे तेच. त्यांची स्थापनाच मुळी १८६५ साली बनावट चलन रोखण्यासाठी झाली. तर त्यांची ही मोहीम चालू असतानाच नेमकी सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीतून एक अस्सल डबल डाय बाहेर पडली, १९६९ एस. सापडलेली पहिली काही नाणी सीक्रेट सर्व्हिसने जप्त केली. दुहेरी १९६९ म्हणजे खोटं, असं त्यांचं समीकरण झालं होतं. खरं म्हणजे गुडमन आणि ग्रे यांच्या नाण्यांवर 'एस' नव्हताच, ती फिलाडेल्फियाची म्हणून केलेली. जप्त केलेल्या नाण्यांवर 'एस' होता, आणि एकेरी होता. नाणं स्वतःच साक्ष देत होतं. पुढे ती खरी असल्याचं मान्य झालं, पण तोवर हे नाणं दुर्मीळ ते दुर्मीळच राहिलं.

२००७ साली एका संग्राहकाला न वापरलेल्या पेनींच्या रोलमध्ये यातलं एक सापडलं. जानेवारी २००८ मध्ये लिलावात ते १,२६,५०० डॉलरला गेलं. चेहऱ्यावरची किंमत एक सेंट. तेव्हा रोल चाळणाऱ्यांना वेडं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता तो चौथा कप्पा, भरभर. कपडे वाळवायच्या मशीनच्या फटीत पेनी अडकते आणि महिनोन्महिने गोल फिरत राहते. तिची कड आत वळते, नाणं लहान आणि जाडजूड दिसतं. ती टांकसाळीची चूक नाही, धोब्याची आहे. रोल बांधणाऱ्या यंत्राची पकड घसरली तर शेवटच्या नाण्यावर गोल ओरखडा येतो, अगदी कंपासने काढल्यासारखा. रोल चाळणाऱ्याला हे सारखं दिसतं. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं मिळालं तर कडेच्या आत भिंगाने फिरून बघा, बारीक सांधा दिसेल. जादूगारांसाठी दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. एका नाण्यावर दुसऱ्याची उलटी, खोल गेलेली अक्षरं दिसली, तर बहुतेक वेळा कुणीतरी शेगड्यात दोन पेनी ठेवून पिळलेल्या असतात. चकतीचा तुकडा कापला गेलेलं नाणं मात्र खरं असू शकतं. चकत्या कापणारा पंच आधीच्या भोकावर चढला की चंद्रकोरीसारखा भाग जातो. खऱ्याची ओळख अशी की कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची कडसुद्धा फिकी आणि अशक्त असते, कारण कड उभारताना त्या जागी दाब मिळालेला नसतो. पकडीने तुकडा तोडणाऱ्याला समोरची कड अशक्त करणं सुचत नाही.

कागदाची बाजू घ्यायची तर १९२२ चं उदाहरण घ्या. त्या वर्षीच्या काही पेनींवर सालाखाली खूणच नाही, म्हणजे नियमाप्रमाणे फिलाडेल्फियाच्या. पण टांकसाळीची नोंद सांगते की १९२२ साली फिलाडेल्फियाने एकही पेनी पाडली नाही, फक्त डेन्व्हरने पाडल्या. इथे नोंद खरी. डायवरचा 'डी' घासून, घाण बसून गेला होता. संग्राहक यातही एका विशिष्ट डायच्या जोडीलाच मान देतात. तिच्यात छाप्याची बाजू पुसट आणि काट्याची बाजू खणखणीत असते. दोन्ही बाजू ठणठणीत आणि फक्त 'डी' गायब असेल तर कुणीतरी कानस चालवलेली आहे. पेशवाईत गावोगावी पोतदार असायचा, वसुलीत आलेलं नाणं पारखून घेणारा. आज ज्यांचं आडनाव पोतदार आहे, त्यांच्या पूर्वजांना हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

आता १९४३, जिथे कागद हरला.

दुसरं महायुद्ध चालू होतं. तांबं काडतुसांना, तारांना हवं होतं. म्हणून १९४३ साली अमेरिकेने पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पाडल्या. रुपेरी दिसायच्या, लोक त्यांना दहा सेंटचं नाणं समजायचे, आणि त्या गंजायच्या. तेच युद्ध, तीच टंचाई, आणि त्याच १९४३ साली आपल्याकडे भोकाचा पैसा आला. मधला धातूच काढून टाकला, की वाचलं तांबं. आमच्या पणजीच्या पेटीत असे दोन होते, दोऱ्यात ओवलेले. अमेरिकेत १९४४ ला पेनी परत तांब्याच्या झाल्या.

पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या काही कोऱ्या चकत्या यंत्रांच्या डब्यांत, झडपांच्या फटीत अडकून राहिल्या होत्या. त्या सुटल्या आणि पोलादाच्या चकत्यांबरोबर प्रेसखाली गेल्या. म्हणजे चूक पहिल्या कप्प्यातली: डाय बरोबर, ठोका बरोबर, चकती चुकीची. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या डॉन लुट्झ या सोळा वर्षांच्या मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या कँटीनमध्ये सुट्ट्या पैशांत १९४३ ची तांबडी पेनी मिळाली. तेव्हा अफवा होती की अशी पेनी आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड गाडी देतो. त्याने फोर्ड कंपनीकडे चौकशी केली, गाडीबिडी काही नाही असं कळलं. मग सरकारच्या अर्थखात्याकडे विचारलं. उत्तर आलं की १९४३ साली तांब्याच्या पेनी पाडल्याच नाहीत, सगळ्या पोलादाच्या होत्या.

आता तुम्ही त्या मुलाच्या जागी असता तर? हातात नाणं आहे. ज्या सरकारने ते पाडलं तेच म्हणतंय की ते नाही. बहुतेकांनी त्या पेनीचं च्युइंगगम घेतलं असतं. लुट्झने ती सांभाळून ठेवली, सत्तरेक वर्षं. पुढे तशी इतर नाणीही सापडली आणि ती खरी ठरली. फिलाडेल्फियाची सुमारे दहा-पंधरा, सॅन फ्रान्सिस्कोची काही, आणि डेन्व्हरचं माहीत असलेलं एकच. ते डेन्व्हरचं २०१० साली १७ लाख डॉलरला विकलं गेलं. लुट्झचं त्याच्या निधनानंतर, जानेवारी २०१९ मध्ये, २,०४,००० डॉलरला. ते पैसे पिट्सफील्डच्या वाचनालयाला गेले.

अर्थखात्याच्या त्या उत्तराला मी खोटं म्हणणार नाही. लिहिणाऱ्याने आदेश वाचला, आदेशात पोलाद होतं, त्याने पोलाद सांगितलं. आदेश म्हणजे काय व्हायला हवं होतं त्याची नोंद. नाणं म्हणजे काय झालं त्याची. सॉफ्टवेअरवाल्यांना डॉक्युमेंटेशन आणि प्रत्यक्ष चालणारा कोड यातला फरक वेगळा सांगायला नको.

अर्थात नाण्याचं ऐकायचं म्हणजे त्याची उलटतपासणी घ्यायची. १९४३ ची तांबडी पेनी दिसली तर आधी चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचा मुलामा आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत होतो असला. नाही चिकटली तर वजन करा. तांब्याची ३.११ ग्रॅम, पोलादाची साधारण २.७. वजनही जुळलं तर ३ हा आकडा बघा. खऱ्या १९४३ चा ३ खाली लांब शेपूट सोडतो. १९४८ च्या ८ चा डावा भाग खरवडून केलेल्या ३ ला ती शेपूट नसते. या तीन चाळण्यांतून जे पार होईल ते जाणकाराकडे न्यायचं. तोवर स्वप्नं बघायची नाहीत.

आणि हे सगळं जुनं झालं, आता काय मिळतंय, असं वाटत असेल तर १९८२.

तांबं महागलं, एका पेनीतल्या तांब्याचीच किंमत पेनीला भिडू लागली, म्हणून १९८२ च्या मध्यात धातू बदलला. आधी ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. नंतर जस्ताची चकती आणि वर तांब्याचा पातळ थर, एकूण ९७.५ टक्के जस्त, वजन २.५ ग्रॅम. डोळ्यांना फरक कळत नाही. कानाला कळतो. टेबलावर टाकून वाजवा. तांब्याची खणकन वाजते, जस्ताची टपकन पडते. 'नाणं वाजवून घेणं' हे आपण उगाच म्हणत नाही. (जाता जाता: जस्ताच्या पेनींवर त्या थराखाली हवेचे फोड येतात, आणि अर्धे फोटो या फोडांचेच असतात. टूथपिकने हलकं दाबा, फोड असेल तर दबतो.)

त्याच वर्षी सालाचे आकडेही बदलले. आधी मोठे, जाड, कडेला लागून, आणि नंतर बारीक. धातू दोन, आकडे दोन, टांकसाळी दोन, म्हणजे शक्यता आठ. पण कागदानुसार सातच होत्या. डेन्व्हरने बारीक आकड्यांच्या पेनी फक्त जस्ताच्या पाडल्या. चौतीस वर्षं सगळ्या पुस्तकांत सात छापले जात होते. २०१६ मध्ये एकाने १९८२ च्या पेनी वजन करून बघताना आठवी शोधली: 'डी', बारीक आकडे, आणि वजन तांब्याचं. पुन्हा तेच, उरलेली जुनी चकती नव्या डायखाली गेली. पुढच्या वर्षी लिलावात तिला १८,८०० डॉलर मिळाले. भिंग नाही, कसलं दुर्मीळ ज्ञान नाही. फक्त ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि 'पुस्तकात नाही' म्हणून न थांबण्याची सवय.

हे आत्ताच का सांगतोय? कारण १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. १७९३ पासून चालू होतं, थांबलं. एक पेनी पाडायला २०२४ च्या हिशोबात ३.६९ सेंट लागत होते, त्यामुळे थांबणारच होतं कधीतरी. चलनातून ती बाद झालेली नाही, सुमारे ३०० अब्ज पेनी लोकांच्या बरण्यांत, गाडीच्या खणांत पडून आहेत असा अंदाज आहे. पण रोलमध्ये आता नवीन काही येणार नाही. जे आहे ते घासत जाणार, गटारात पडणार, पेट्यांत बंद होणार. वितळवायलाही कायद्याने बंदी आहे, २००६ च्या शेवटापासून, कारण जुनी तांब्याची पेनी धातू म्हणून जास्त किमतीची आहे.

तर या महिन्यात ज्यांना जमेल त्यांनी बँकेत विचारून बघा. काही शाखांत आत्ताच "पेनी नाहीत" म्हणतात, तेव्हा फोन करून जा. १९८२ च्या तेवढ्या बाजूला काढा, 'डी' वाल्या वेगळ्या, त्यातल्या बारीक आकड्यांच्या अजून वेगळ्या, आणि प्रत्येकीचं वजन करा. २.५ आली की परत रोलमध्ये. ३.१ आली तर मला आधी काट्यासकट फोटो पाठवा, नाण्याचा जवळून काढलेला नंतर.